पोळ्याचा रंग, सुनेच्या आलमाऱ्या

सन २०२३. माझं वय एकाहत्तर होतं आणि घरात कोणीही मला रंग द्यायला सांगितलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर आमची सूनबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच पहिलं ऐकवते. तिचं म्हणणं, उलट मला बजावून ठेवलं होतं, "बाबा, किचनच्या आलमाऱ्यांले हात लावू नका." मी हात लावला नाही. ब्रश लावला!

आम्ही मूळचे धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यातले. शाळेशी माझं चौथीतच पटेनासं झालं, पण रंगाच्या बाबतीत आमच्या गावात मला विचारल्याशिवाय कोणी डबा उघडत नव्हतं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत तर मीच. बंडी रंगवावी (बंडी म्हणजे बैलगाडी, हल्ली सांगावं लागते) तर मीच. माझ्या हातची बंडी तीन पावसाळे खायची आणि चौथ्यालाही लाज राखायची. आता पोरगा विलास अमरावतीला नोकरीला, तिथंच फ्लॅट, आणि आम्ही म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे. शेती भाऊ पाहतो. पण पोळ्याला मी गावी जातोच. बैल माझी वाट पाहतात. (भाऊ म्हणतो पाहत नाहीत. भावाला बैलातलं काय समजते?)

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात. म्हणू द्या. आजवर त्या गावच्या घरीच बसल्या, पण त्या वर्षी भावानं घर खोललं होतं, छपरापासून बांधकाम काढलं होतं. तेव्हा ठरलं, या वर्षी महालक्ष्म्या अमरावतीला, विलासच्या फ्लॅटमध्ये. पोळा आटोपला तसे मी दोन्ही पितळी मुखवटे, एक मोठीचा आणि एक लहानीचा, लाल फडक्यात बांधले आणि एसटीत मांडीवर घेऊन आलो. माझ्या आजीच्या वेळचे मुखवटे ते. सीटवर ठेवले नाहीत, पिशवीत ठेवले नाहीत. पिशवीत पोळ्याचा उरलेला लाल रंगाचा डबा होता.

दारात पाय ठेवला तशी आमची कमला म्हणाली, "मुखवटे सांभाळून ठेवा वो. पयल्यांदा गावाबाहेर आल्या त्या. येळेवर अन् सुखरूप बसल्या पाहिजेत. काही कमीजास्त झालं तं मी तुमाले माफ करणार नाई."

"माह्या जिम्मेवर सोड," मी म्हटलं.

लग्नाला पन्नास वर्षं होत आली, तरी हे वाक्य ऐकलं की तिचा चेहरा उतरतो. का ते मला समजत नाही.

आता आलमाऱ्यांकडे येतो. विलासच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक रांग आणि खाली एक रांग, अशा आलमाऱ्या आहेत. दारांवर बाहेरून पांढऱ्या पन्नीचा थर. सूनबाई अर्चना त्याला व्हिनाईल म्हणते. ही पन्नी गॅसजवळ सुटून जिभेसारखी बाहेर लोंबत होती. पोळी लाटताना वाटायचं, आलमारी आपल्याला वेडावते आहे. या आलमाऱ्या निवडून दिल्या होत्या अर्चनाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी. (आमच्याकडे इवाई म्हणतात.) दादाराव अकोल्याचे. आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचं मत तयार असते. घेताना छातीठोक बोलले होते, "पानी पडो, तेल सांडो, हिच्यावर काही टिकतच नाई!"

ते खरं निघालं. कसं ते पुढं येईलच.

अर्चनाचा बेत होता की दिवाळीत मोबाईलवर पाहून स्वतःच त्या आलमाऱ्यांना हलका बदामी रंग द्यायचा. मी म्हटलं, "दिवाळीत काहून? महालक्ष्म्या फाटक्या सैपाकघरात येतीन का?"

"बाबा, त्याची पद्धत असते. मी व्हिडिओ पाहून राहिली. आंधी ते—"

"व्हिडिओवाल्यानं कधी बैल रंगवला हाये का?"

"नाई बाबा."

"मंग!"

तिनं विलासकडे पाहिलं. विलासनं छताकडे पाहिलं. विलास लहानपणापासून असाच आहे, संकट आलं की छताकडे पाहतो.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी विलास आणि अर्चना अकोल्याला गेले. दादारावांना घेऊन यायचं होतं आणि थोडं सामानही आणायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. त्याच संध्याकाळी महालक्ष्म्या. निघताना दादारावांचा फोन आला तो मीच उचलला. ते म्हणाले, "काय इवाई, तयारी झाली का?"

"या तं खरं. तुमच्या आलमाऱ्या तुमाले ओळखू येणार नाईत, अशा करून ठेवतो."

हे वाक्य मात्र मी अक्षरशः पाळलं.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी धोतर खोचलं. पहिलं काम, मुखवट्यांचं. रंगाचा शिंतोडा उडू नये म्हणून लाल फडक्याचं गाठोडं उचललं, स्टुलावर चढलो आणि वरच्या रांगेतल्या अगदी कोपऱ्यातल्या आलमारीत ठेवून दार बंद केलं. याहून सुरक्षित जागा अमरावती जिल्ह्यात नव्हती.

दुसरं काम, साळणी. शिंगाला रंग देण्याआधी ते साळावं लागते, नाहीतर रंग धरत नाही. मी विळा घेतला आणि दारं खरवडायला लागलो. आवाज असा निघे की खालच्या मजल्यावरचं कुत्रं रडायला लागलं. कमला धावत आली.

"अवं माय! हे दारं हायेत का बैलं?"

"बैलं बरे. बैलं बोलत तरी नाईत."

"सुनेनं नाई म्हटलं होतं ना?"

"तिनं हात लावू नका म्हटलं. हा विया हाये."

जी पन्नी सुटून लोंबत होती तिला मी चप्पल चिकटवायचा पिवळा गोंद लावला. आता ती जीभ आत कुठं दाबायची? दारात आणि शेजारच्या दारात फट होती. मी विचार केला, फट दिसतेच कशाला? पन्नी जरा ओढली आणि सरळ शेजारच्या दारावर दाबून टाकली. वरच्या रांगेत तर सगळ्याच फटी अशा बुजवल्या. लांबून पाहिलं तर एकसंध फळी वाटत होती. माझा मलाच अभिमान वाटला.

तिसरं काम, तेल. हे कोणत्याही व्हिडिओवाल्याला माहीत नसते! बंडीचं लाकूड रंगवण्याआधी त्याला जवसाचं तेल पाजावं लागते. लाकूड तेल पिते, फुगते, आणि मग रंग त्याला आईसारखा बिलगतो. मी कापसाचा बोळा घेतला आणि सगळ्या दारांना तेल पाजलं. फक्त एक होतं, दारं तेल पीत नव्हती. बंडी कशी घटाघटा पिते! इथं तेल जसंच्या तसं वर उभं. मी म्हटलं, शहरातलं लाकूड आहे, लाजत असेल. आणखी पाजलं.

आणि मग ब्रश. काय सांगू! तेलावरून ब्रश असा सुळसुळ गेला की रंगवतोय का आरती ओवाळतोय तेच कळेना. खालून वर, वरून खाली. फटींवरून, कोपऱ्यांवरून, बिजागऱ्यांवरून. बंडीला दार नसते. बैलाच्या शिंगालाही नसते. त्यामुळे रंग देताना दार उघडं ठेवावं लागते, हे मला कोणत्याच बैलानं कधी शिकवलं नव्हतं.

दुपारपर्यंत स्वयंपाकघर लालबुंद! पोस्टाच्या डब्यात उभं राहिल्यासारखं वाटत होतं. मी कमलाला बोलावलं.

"कसं झालं?"

"वायन का हे उद्यालोक?"

"संध्याकाळी वाळते. शिंगं दोन घंट्यात वाळतात."

"शिंगं उन्हात असतात. अन् त्यायच्या खाली बैल असते, गरम."

बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.

संध्याकाळी बोट लावून पाहिलं. ओलं. सकाळी बोट लावून पाहिलं. ओलं. दुधावर साय धरावी तशी वर कातडी धरलेली आणि आत नुसता चीक. बोट निघता निघत नव्हतं. चहा-साखर कमलानं आधीच बाहेर काढून ठेवली होती म्हणून निभलं. शेजारच्या राऊतबाई वाटीभर दही द्यायला आल्या, बोलता बोलता आलमारीच्या दाराला टेकल्या आणि परत जाताना त्यांचा पदर आमच्याकडेच राहिला.

"काकाजी, हे काय लावलं?" पदर सोडवत त्या म्हणाल्या.

"रंग."

"वाळला नाही?"

"वाळून राहिला. सावकाश वाळतो तोच टिकतो."

पण आतून मी हललो होतो. दुपारी गाडी येणार. मी विलासच्या खोलीतला उभा पंखा उचलून आणला, ओट्यासमोर उभा केला आणि पूर्ण जोरात सोडला. वारा जबरदस्त! दारांवर लाटा उठताना दिसायला लागल्या. मी समाधानानं बाहेर गॅलरीत जाऊन बसलो.

आता, त्याच वेळी कमला कुठं बसली होती, हे मी पाहिलं नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसली होती आणि तिच्यासमोर गावाहून आणलेल्या, सरकी काढून पिंजलेल्या कापसाचा ढीग होता. महालक्ष्म्यांच्या गळ्यात कापसाची वस्त्रमाळ लागते, समईला वाती लागतात, आणि आमच्या कमलाला दुकानातल्या चालत नाहीत. कापूस आपल्या वावरातलाच पाहिजे.

मला फक्त तिची किंकाळी ऐकू आली.

मी धावत गेलो. हवेत कापूस! पंख्यानं ढीगच्या ढीग उचलून नेला होता आणि भिंतीशी नेऊन सोडला होता. भिंतीशी काय होतं? माझा ओला रंग. वरची रांग, खालची रांग, जिथं पाहावं तिथं पांढरी लव! लाल दारांना केस आले होते. काही ठिकाणी तर वाऱ्यानं भुरभुरत होते.

"पंखा बंद करा वो!"

मी पंखा बंद केला. केस खाली बसले.

"काढतो हातानं," मी म्हटलं आणि एक पुंजका ओढला. कापूस आला नाही. तार आली. चाशनीसारखी लांबच लांब लाल तार. मी मागं सरकत गेलो, तार लांबत गेली. मी हॉलमध्ये पोचलो तरी मी आणि आलमारी जोडलेलेच.

नेमक्या त्याच वेळी दाराची बेल वाजली.

विलास, अर्चना आणि दादाराव. अर्चना आत आली, स्वयंपाकघरात डोकावली आणि हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. विलासनं छताकडे पाहिलं. दादाराव मात्र चष्मा लावून जवळ गेले. एका दारासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"इवाई, ह्या आलमाऱ्या हायेत का मेंढ्या?"

"डिझाईन हाये ते," मी म्हटलं.

"हिवाळ्यासाठी घेतली का?"

"दादाराव, तुमी आपली पन्नी पाहा. तुमचीच पसंती होती. ह्या पन्नीनं माह्या रंगाचं नाक कापलं!"

"म्या पन्नी निवडली. लोकर तुमी आणली!"

अर्चना मध्ये पडली. "बाबा, अप्पा, दोघंही चूप बसा. आता पाच वाजतीन. आंधी महालक्ष्म्या बसवू, मग आलमाऱ्यांचं पाहू. आई, मुखवटे कुठी हायेत?"

कमला म्हणाली, "त्यायच्या जिम्मेवर हायेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी... मी वरच्या रांगेतल्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात दार कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, तेच आता दिसत नव्हतं. मी स्वतःच सगळ्या फटी बुजवल्या होत्या. एकसंध फळी!

"सुरक्षित हायेत," मी म्हटलं. आवाज जरा बारीक निघाला.

"सुरक्षित म्हणजे कुठी?"

मी बोट दाखवलं.

कमला खालीच बसली. डोक्याला हात लावला नाही, रडली नाही, फक्त म्हणाली, "आजेसासूनं ज्या कधी अंधारात ठेवल्या नाईत, त्यायले तुमी कोंडून टाकलं. अन् वरून रंग देला."

भांडण, चेष्टा, सगळं एका जागी. पण मी ते मुखवटे मांडीवर घेऊन आलो होतो. वेळेवर आणि सुखरूप बसले पाहिजेत, एवढंच तिनं मागितलं होतं.

मी स्टुलावर चढलो. हँडल धरलं, जोर लावला. हँडल आलं. दार नाही आलं. खाली पाहिलं तर मोकळं हँडल माझ्या हातात.

"इवाई, बाजूले व्हा, मले पाहू द्या," म्हणत दादाराव माझ्याशेजारी दुसऱ्या स्टुलावर चढले. (माणूस टोमणे मारतो, पण संकटात चढतो. हे मान्य केलं पाहिजे.) त्यांनी पेचकस घातला, मी उलथनं घातलं. मी इकडून ओढलं, त्यांनी तिकडून. सगळी वरची रांग भिंतीसकट हलल्यासारखी झाली. विलास खाली उभा राहून म्हणत होता, "अहो बाबा, अहो अप्पा, भिंत येईन!"

बाहेर राऊतबाईंचा आवाज आला. "कमलाताई, झालं का? आमी ओवाळायला ताट घेऊन आलो!" मजल्यावरच्या चार-पाच बायका दाराशी येऊन उभ्या. मुखवटे बाहेरच्या उंबरठ्यापासून वाजतगाजत आत आणायचे असतात. आणि मुखवटे तर पन्नीच्या आत.

तेव्हा अर्चना खोलीत गेली आणि केस वाळवायची मशीन घेऊन आली. मला वाटलं, आता ही रंग वाळवते का काय! मी म्हटलं, "सूनबाई, पंख्यानं काही झालं नाई, हिच्यानं काय होईन?"

"बाबा, फक्त एक मिनिट उभे राहा, अन् काही बोलू नका."

तिनं गरम हवा दाराच्या कोपऱ्यावर धरली. थोडा वेळ काहीच नाही. मग पन्नीचा कोपरा सुटला. तिनं तो दोन बोटांत धरला आणि ओढला... आणि काय सांगू! सापानं कात टाकावी तशी त्या दाराची सगळीच पन्नी सुटत आली. माझा रंग, माझं तेल, माझा गोंद, कमलाचा कापूस, सगळं त्या पन्नीला चिकटून एकाच चादरीसारखं खाली आलं. मागं कोरं, स्वच्छ, सपाट लाकूड निघालं.

"व्हिडिओत हेच सांगतात, बाबा. सगळ्यात आंधी पन्नी काढायची. मंग रंग."

"मले मालूम होतं," मी म्हटलं. "मी फक्त वर रंग देऊन तिले वजन आणलं. म्हणून सोपी निघाली."

हे बोलत असतानाच ती चादर पूर्ण सुटली आणि माझ्या डोक्यावरून खांद्यावर पडली. आता मी लाल आणि केसाळ होतो. पण दार उघडलं होतं! आत लाल फडक्याचं गाठोडं, जसं ठेवलं तसंच, एक शिंतोडा नाही. मी ते छातीशी धरलं आणि खाली उतरलो. त्याच वेळी दादारावही आनंदानं उतरले, आणि उतरताना त्यांचं कोपर ओट्यावरच्या रंगाच्या डब्याला लागलं. डबा फरशीवर. रंग फरशीवर. आणि माझे दोन्ही पाय रंगात.

पण मला थांबायला वेळ होता का? बायका दारात उभ्या! मी धावलो. स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून उंबरठा. बायकांनी मला पाहिलं आणि ओवाळायचं ताट हातातून पडता पडता वाचलं.

"अवं माय! हे कोन?"

"मीच हाव, राऊतबाई. हे घ्या मुखवटे."

आणि मागून कमलाचा आवाज. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

"थांबा!"

मी मागं वळून पाहिलं. पांढऱ्या फरशीवर स्वयंपाकघरापासून उंबरठ्यापर्यंत माझी पावलं. लाल, ठसठशीत, अंगठ्यासकट. आणि सगळी बाहेरच्या दिशेला. महालक्ष्म्यांच्या दिवशी बायका कुंकवाची पावलं काढतात ती कशी? दारातून घरात येणारी. अर्चनाला ती काढायची होती. आणि माझी मात्र घरातून बाहेर निघालेली!

"लक्ष्मी घराबाहेर चालली की वो..." कमला म्हणाली.

राऊतबाईंच्या हातातली घंटी थांबली. विलास छताकडेही पाहायचं विसरला. मी उंबरठ्यावर उभा, अंगाला कापूस, हातात देव, आणि मला वाटलं आता इथंच आपण जमिनीत जावं. पण चौथ्या मजल्यावर जमीन तरी कुठं असते!

मग अर्चना हसली. तोंड दाबून, मग तोंड न दाबता.

"आई, त्यात काय? जो बाहेर गेला तो परत आत येईनच ना. बाबा, आता तुमीच मुखवटे घेऊन आत या. उलटी पावलं पडली, तं सुलटीही पडतीन. अप्पा, ताटात थोडा रंग आणा बरं, बाबांचे पाय कोरडे होऊन राहिले."

दादारावांनी ताटात उरलासुरला रंग आणला. माझ्यासमोर ठेवला. नवी नवरी गृहप्रवेशाला पाय बुडवते तसे मी दोन्ही पाय बुडवले. एकाहत्तराव्या वर्षी!

"लाजू नका इवाई," दादाराव म्हणाले, "घर चांगलं हाये. माही पोरगी इथंच देली."

मग फडकं सोडलं आणि मी निघालो. मोठी उजव्या हातात, लहानी डाव्या. आधीच्या प्रत्येक पावलाशेजारी एक आत येणारं पाऊल टाकत. बायका घंटी वाजवत होत्या. राऊतबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोन आलं?"

"महालक्ष्म्या आल्या," कमला म्हणाली. तिचा आवाज जरा ओला होता.

"कशाच्या पावलांनी आल्या?"

उत्तर सोन्याच्या पावलांनी असं असते. कमला ते म्हणायच्या आधीच दादाराव ओरडले, "ऑइल पेंटच्या!"

सगळा मजला हसला. कमलाही हसली. महालक्ष्म्या वेळेवर बसल्या, सुखरूप बसल्या. समईच्या उजेडात मोठीचा मुखवटा पाहिला, तर मला वाटलं तीही ओठ दाबून आहे. अर्चना म्हणाली, "बाबा, झाल्या ना येळेवर?" मी म्हटलं, "माह्या जिम्मेवर होत्या." ती पुन्हा हसायला लागली. बाकीच्या आलमाऱ्यांची पन्नी तिनं दुसऱ्या आठवड्यात काढली आणि बदामी रंग दिला. मला पॉलिश पेपर घासायला दिला होता. फक्त पॉलिश पेपर!

पण एक गोष्ट राहिली. जो रंग पन्नीवर दोन दिवसांत वाळला नाही, तो फरशीवर एका रात्रीत दगडासारखा वाळला. कमला म्हणाली, आत येणारी पावलं राहू द्या, शुभ आहेत. पण बाहेर जाणारी एकही नको.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेच्या आधी, मी पॉलिश पेपर घेऊन हॉलमध्ये गुडघ्यांवर बसलो आणि बाहेर जाणारी पावलं घासायला लागलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या एक बाई पुरण वाटायला मदत म्हणून आल्या. त्यांना आदल्या दिवशीचं काहीच माहीत नव्हतं. दारातच थबकल्या. "किती ठसठशीत पावलं काढली वो लक्ष्मीची!" म्हणाल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि खाली वाकून त्या पावलांना हात लावून पाया पडल्या.

ज्याची पावलं होती तो त्यांच्यासमोर हातभर अंतरावर फरशी घासत बसला होता. मी फक्त माझे लाल तळवे हळूच धोतराखाली ओढून घेतले, आणि त्या पाया पडल्या म्हणून आशीर्वाद दिला.